पाना आणि प्रोग्रॅम

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



संस्थेच्या चिटणिसांनी मला "परदेशातील माझे अनुभव" या विषयावर बोलावे असे कळविले होते. परदेशात राहणाऱ्या माणसाला हा विषय हटकून दिला जातो आणि तोही बिचारा तिकडच्या शिस्तीचे नि स्वच्छतेचे गोडवे गाऊन, हारतुरे घेऊन घरी जातो. मी चिटणिसांच्या परवानगीने विषय बदलून घेतला आहे. इंग्लंडमध्ये माझ्या घराला लागून जे लहानसे गॅरेज आहे, त्यात मी एक मोटार बांधली. विकत घेतली नाही, जुनी दुरुस्त केली नाही, बांधली. तिच्या काट्यांना लागणारे प्रोग्रॅम त्याच घरात, जेवणाच्या टेबलावर लिहिले गेले आणि तिचे इंजिन सांभाळणारा प्रोग्रॅमही तिथेच समजून घेऊन जुळविला. माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या खात्यातली. मोटारींशी तिचा काडीचा संबंध नाही. तेव्हा मी जे सांगणार ते हौशी माणसाचे बोलणे आहे असे समजून ऐकावे.

आपल्याकडे घरी मोटार बांधतो म्हटले तर लोक डोक्याला हात लावतील. इंग्लंडमध्ये मात्र ही रीत बरीच जुनी आहे आणि तिच्या मुळाशी कराचा कायदा आहे. तिकडे तयार मोटारीवर खरेदी-कर असे. सुट्या भागांच्या संचावर तो नसे. कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणाने १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हन मोटारीवरून आपली पहिली गाडी बांधली. पुढे त्याने लोटस कंपनी काढली आणि १९५७ साली 'लोटस सेव्हन' ही गाडी बाजारात आणली. दोन माणसांपुरती, दार नाही, छप्पर नावापुरते, वजन सुमारे ५०० किलो. ती संचाच्या रूपाने मिळे आणि गिऱ्हाइकाने घरी जोडायची. यातली गंमत अशी सांगतात की, संचाबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागू होई. म्हणून कंपनीने गाडी 'सुटी कशी करावी' याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या क्रमाने वाचायच्या! १९७३ साली नवा मूल्यवर्धित कर आला नि ही सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीला दिले. सवलत गेली, पण सवय गेली नाही. ती गाडी संचाच्या रूपाने आजही विकली जाते.

तीच सवय त्या देशात संगणकालाही लागली. १९८१ साली सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स ८१ हा लहान संगणक तयार घेतला तर ६९ पौंड ९५ पेन्सना आणि सुटा, घरी डाख देऊन जोडायचा, घेतला तर ४९ पौंड ९५ पेन्सना मिळे. वीस पौंड वाचविण्यासाठी हजारो घरांतून मुलांनी हातात सोल्डरिंगची इस्त्री घेतली. संगणक आधी हाताने जोडायचा, मग त्यावर प्रोग्रॅम लिहायचा, असा तो क्रम होता. याच सुमाराचा बी.बी.सी. मायक्रो हा संगणक आपल्या देशातही आला. १९८४ साली भारत सरकारने शाळांमधून संगणकशिक्षणाची 'क्लास' योजना सुरू केली, तेव्हा निवडक शाळांना तेच यंत्र दिले गेले. आपल्या पालकांपैकी काहींनी ते पाहिलेही असेल, बहुधा कुलूप लावलेल्या खोलीच्या खिडकीतून.

मी बांधली ती गाडी केटरहॅमचा संच नव्हे. तो माझ्या खिशाला परवडणारा नव्हता. रॉन चँपियन या शिक्षकाने १९९६ साली एक पुस्तक लिहिले. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असे त्याचे नावच आहे. २५० पौंडांत ती होते यावर कोणी विश्वास ठेवू नये. माझी तर मुळीच झाली नाही. पण त्या पुस्तकाने एक भिंत पाडली. त्यात सांगाड्याची सगळी मापे दिली आहेत. एक इंची चौकोनी पोलादी नळी, सुमारे १.६ मिलिमीटर जाडीची, बाजारातून आणायची, मापाबरहुकूम कापायची आणि वेल्डिंगने जोडायची. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल, स्टिअरिंग, ब्रेक ही सगळी एका जुन्या भंगारातल्या गाडीतून काढायची. त्या गाडीला तिकडे 'दाता' म्हणतात. रक्तदाता म्हणतो तसाच हा शब्द. माझी दाता गाडी फोर्ड सिएरा होती. तिने आपले सर्वस्व दिले नि उरलेला सांगाडा भंगारवाला घेऊन गेला.

विद्यार्थी मित्रांनो, या कामात मला सर्वांत जास्त काय उपयोगी पडले असे विचाराल, तर आठवीची भूमिती. सांगाड्याचा तळ हा एक मोठा आयत आहे. चारही बाजू मापात असल्या तरी तो तिरका असू शकतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्याचा समांतरभुज चौकोन होतो. गुण्याने एवढ्या लांबीचा काटकोन नीट तपासता येत नाही. मग काय करायचे? दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण समान आले तर आयत खरा. मी जमिनीवर टेप धरून दोन कर्ण मोजत होतो, तेव्हा मला आमचे गणिताचे सर आठवले. हे प्रमेय त्यांनी फळ्यावर सिद्ध केले होते आणि मागच्या बाकावरून आम्ही विचारले होते, याचा उपयोग काय? आणखी एक गोष्ट. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद ओढले जाते. म्हणून सर्व सांध्यांना आधी फक्त टाके घालायचे, सगळा सांगाडा उभा करायचा, पुन्हा कर्ण मोजायचे आणि मगच एक सांधा इकडचा, एक तिकडचा असे करीत पुरे वेल्डिंग करायचे. कापड शिवणाऱ्या कुणाही खालेला हे सांगावे लागत नाही. ती आधी कच्चा धावदोराच घालते.

चार हिवाळे हे काम चालले. दर शनिवारी दुपारी मी गॅरेजात आणि रात्री माझी मुलगी नि मी टेबलावर, असा आमचा रिवाज पडला. गाडी कशी रंगली, आसने कुठून आणली वगैरे तपशील मी वगळतो. मला सांगायचे आहे ते टेबलावरच्या कामाविषयी.

वेग दाखविणारा काटा घ्या. दाता गाडीचा काटा या गाडीला चालत नाही, कारण चाके बदलली. मग आम्ही आमचा काटा केला. मागच्या चाकांकडे जाणारा जो लांब दांडा असतो, प्रॉपेलर शाफ्ट, त्याच्या टोकाला चार बोल्ट असतात. त्यांच्याजवळ एक लहान संवेदक बसविला. बोल्टचे डोके समोरून गेले की तो एक ठोका देतो. माझ्या गाडीत चाक एकदा फिरते तेव्हा तो दांडा ३.६२ वेळा फिरतो. म्हणजे चाकाच्या एका फेरीत ठोके १४.४८. आता चाकाच्या एका फेरीत गाडी किती जाते? टायरवर लिहिलेल्या मापावरून हे काढता येते. पण गाडीच्या वजनाने टायर थोडा दबतो आणि हिशेब चुकतो. म्हणून टायरला खडूची खूण केली, मी आत बसलो, शेजाऱ्याने गाडी ढकलली आणि चाकाच्या दहा फेऱ्यांत गाडी किती गेली ते मुलीने टेपने मोजले. १७ मीटर ३८ सेंटिमीटर. एका फेरीत १.७३८ मीटर, त्याला १४.४८ ने भागा. एका ठोक्याला १२ सेंटिमीटर! ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६.६७ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ ठोके. प्रोग्रॅमने फक्त ठोके मोजायचे नि काटा त्या जागी न्यायचा.

इथवर सोपे आहे. पण माझ्या मुलीने एक प्रश्न विचारला. टायर झिजला म्हणजे काय होईल? नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि कायद्याने ती १.६ पर्यंत झिजू देतात. म्हणजे व्यासात १२.८ मिलिमीटरची घट. आमच्या चाकाला ती सुमारे सव्वादोन टक्के पडते. चाक लहान झाले की तेवढ्याच अंतरात ते जास्त फिरते आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवितो. तिकडचा नियम असा की, काट्याने थोडा जास्त वेग दाखविला तर चालेल, कमी मात्र कधीही दाखवता कामा नये. तेव्हा मोजणी नव्या टायरवरच करायची. झिजलेल्या टायरवर केली आणि पुढे नवे टायर घातले, तर काटा खोटे बोलू लागेल, तेही धोक्याच्या बाजूने. ती तेव्हा १२ वर्षांची होती. शाळेत टक्केवारी तिला कंटाळवाणी वाटे. त्या रात्री तिने स्वतः होऊन कागद पुढे ओढला.

पेट्रोलच्या काट्याचे सगळे काम तिचेच. आमची टाकी खाली अरुंद नि वर रुंद आहे. आत एक तरंगणारा गोळा असतो. तो वरखाली होतो तसा विजेचा रोध बदलतो. पण गोळा अर्ध्यावर आला म्हणजे पेट्रोल अर्धे असे नव्हे, कारण खालच्या निमुळत्या भागात मुळातच कमी मावते. तिने काय करावे? बाहेर अंगणात, टाकी गाडीत चढविण्यापूर्वी, तिने मापाने एकेक लिटर पाणी ओतले आणि दर लिटरला रोध किती तो वहीत लिहिला. (नंतर टाकी कोरडी करायला मला दोन दिवस लागले, ते वेगळे!) त्या वहीतला तक्ता तिने प्रोग्रॅममध्ये घातला. मधला आकडा आला तर दोन्हीकडच्या आकड्यांवरून प्रमाणाने किंमत काढायची. हेच त्रैराशिक. बाजारातल्या कित्येक गाड्यांचा काटा बराच वेळ 'पूर्ण'वर बसतो नि मग एकदम खाली येतो. आमचा तसे करीत नाही.

इंजिनाची गोष्ट जास्त गंभीर आहे. पूर्वी कार्ब्युरेटर होता. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण तो आपल्या नळ्या-भोकांच्या हिकमतीने करी. आता एक लहान संगणक हे ठरवितो की, कोणत्या क्षणी किती पेट्रोल फवारायचे नि केव्हा ठिणगी टाकायची. असा संगणक घरी जोडता येतो. २००१ साली बोलिंग आणि ग्रिपो या दोघा अमेरिकन हौशी माणसांनी 'मेगास्क्वर्ट' नावाचा संच काढला. पुढे ऑस्ट्रेलियातून 'स्पीडुइनो' आला. तो आर्डुइनो या स्वस्त पट्टीवर चालतो आणि त्याचा सगळा प्रोग्रॅम कोणालाही वाचायला खुला आहे. मी तोच घेतला आणि गाडीला लावण्यापूर्वी तो ओळीओळीने वाचून काढला. गाडी बांधण्यापेक्षा त्या वाचण्याला मला जास्त चिकाटी लागली, हे प्रामाणिकपणे सांगतो.

इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या घेते तेव्हा एका फेरीला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. फेरीचे ३६० अंश. म्हणजे एका अंशाला सेकंदाचे सुमारे २८ दशलक्षांश. एवढ्या वेळात त्या लहान संगणकाची अवघी साडेचारशेच्या आसपास टिकटिक होते. ठिणगी दोन-चार अंश इकडेतिकडे झाली तर इंजिनाची ताकद जाते. फारच लवकर पडली तर इंजिन ठोकू लागते नि पिस्टनला भोकही पडू शकते. संगणकाला इंजिन कुठे आहे हे कळावे म्हणून एका चक्रावर ३६ दातांच्या जागा असतात, दर १० अंशांना एक, आणि त्यांतला एक दात मुद्दाम गाळलेला असतो. ती खिंड आली की संगणक ओळखतो, ही फेरीची सुरुवात. दात आला की हातातले काम टाकून त्याकडे धावायचे, त्याची वेळ टिपायची आणि लगेच परतायचे. घरात तव्यावर भाकरी असावी आणि दाराची कडी वाजावी, तशातला हा प्रकार. दार उघडायचे, पाहुण्याला बसा म्हणायचे आणि परत भाकरीकडे. पाहुण्याशी गप्पा मारीत दारातच उभे राहिलात तर भाकरी करपते. हा एवढा धडा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या चांगल्या चांगल्या पदवीधरांना उशिरा उमजतो, असे माझे निरीक्षण आहे.

आता मामूंची गोष्ट सांगतो. माझे मामू कोकणात मुंबई-गोवा रस्त्यावर ट्रक दुरुस्तीचे काम करीत. चौथी झाली आणि उस्तादाकडे शागीर्द म्हणून बसले. वयाची पन्नास वर्षे त्यांनी वंगणात घातली. माझी गाडी प्रथम सुरू झाली तेव्हा तिची एक खोड होती. रस्त्यावर ठीक चाले. उभी असली की धाप लागल्यासारखी करी. मी संगणकाने टिपलेले आकडे काढले. त्यांत स्वच्छ दिसत होते की, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होत आहे. पण फक्त इंजिन मंद असतानाच. एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असे वजनाचे जे प्रमाण, ते तिथे बिघडत होते. का, हे आकडे सांगत नव्हते. मी मामूंना टेलिफोन लावला आणि त्यांना नुसता आवाज ऐकविला. ते दोन मिनिटे गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, ती हवा चोरतेय. कार्ब्युरेटर जिथे बसतो ना, तिथली पॅकिंग बघ." त्यांना वाटले गाडीला कार्ब्युरेटरच आहे! पण जागा त्यांनी अचूक सांगितली. इंजिनाच्या आत हवा नेणाऱ्या नळकांड्याची पॅकिंग एका कोपऱ्यात बसली नव्हती. पुरविणाऱ्यानेच ती सदोष पाठविली होती. फटीतून येणारी हवा थोडीच. इंजिन जोरात असताना ती मोठ्या प्रवाहात हरवून जाई, मंद असताना तीच भारी पडे. म्हणून आकडेही बरोबर होते आणि मामूही बरोबर होते. आकड्यांनी 'केव्हा' ते सांगितले, मामूंनी 'कुठे' ते सांगितले.

पालकहो, हे मी मामूंच्या कौतुकासाठी सांगत नाही. मामूंनी स्वतःच्या मुलाला कधी पान्याला हात लावू दिला नाही. "शिक, नाही तर गॅरेजात घालीन," हे वाक्य त्यांच्या घरात रोज ऐकू येई. ते आपल्या पुष्कळ घरांत ऐकू येते. मुलगा पदवीधर झाला, कचेरीत लागला. त्याचे मोटारसायकलचे चाक पंक्चर झाले तर तो रिक्षा बोलावतो. आणि मामूंच्या गॅरेजात जे शागीर्द होते, त्यांना कोणी "पान्याबरोबर थोडे गणित, थोडे इंग्रजी कर" असे म्हटले नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा हे धुराचे नियम लागू झाले. लहान मोटारसायकलीतूनसुद्धा कार्ब्युरेटर गेला नि इंजेक्शन आले. त्या शागिर्दांपैकी एक जण आज स्वतःचे गॅरेज चालवितो. मी गेलो तेव्हा एक नवी मोटारसायकल त्याच्या दारात उभी होती आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भाई, हिच्या आत काय चाललंय ते दिसतच नाही." हातात कसब असलेला, इमानदार माणूस. दोष शोधण्याचे यंत्र त्याने विकत घेतले आहे. त्यावर येणारे इंग्रजी वाक्य त्याला लागत नाही आणि विजेचा नकाशा वाचायला कोणी शिकविले नाही. गिऱ्हाईक कंपनीच्या दुकानाकडे वळत आहे. आपण एका मुलाला पुस्तक दिले, दुसऱ्याला पाना दिला आणि दोघांनाही अर्धे ठेवले, असे मला वाटते. हे म्हणणे कोणाला कडू लागले तर त्यांनी समारंभानंतर माझ्याशी अवश्य भांडावे.

गाडी बांधून झाली की तिकडे तिची परीक्षा होते. २००९ पासून तिला वैयक्तिक वाहन मान्यता, आय.व्ही.ए., असे म्हणतात. या परीक्षेची मला आवडलेली गोष्ट ही की, प्रश्नपत्रिका आधीच छापलेली असते. तपासनीस काय काय पाहणार याची सबंध पुस्तिका सरकार फुकट देते. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, पट्ट्यांचे बोल्ट हे तर आलेच. पण बाहेर आलेली प्रत्येक कडा निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येइतकी गोलाई असलेली हवी. का? पादचाऱ्याला धक्का लागला तर त्याला चिरता कामा नये. मी आरशाच्या पट्टीपासून नटांच्या टोकांपर्यंत सगळ्यांवरून कानस नि बोट फिरवीत एक महिना घालविला. शिवाय बांधकामाची छायाचित्रे नि पावत्या ठेवाव्या लागतात. गाडी खरेच तुम्ही बांधली याचा तो पुरावा. मुलीची पाण्याची वहीही मी त्या कागदांत ठेवली होती. तपासनिसाने ती मागितली नव्हती. पण त्याने ती पाहिली आणि वेगाचा काटा रुळांवर तपासताना तिच्याकडे वळून आकडा मोठ्याने वाचला. गाडीला 'क्यू' अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळाला. ज्या गाडीचे वय वा वंश ठरविता येत नाही तिला तिकडे हे अक्षर देतात. काही लोकांना ते कमीपणाचे वाटते. मला ते शोभून दिसते.

आपल्याकडे हे नवीन आहे का? इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची लहान मोटार स्वतःच्या हिकमतीने तयार केली आणि १९७० च्या दशकापर्यंत तिचे एकामागून एक सुधारलेले नमुने काढले. तिचा कारखाना मात्र निघू शकला नाही. अलीकडे, २०२१ साली, सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातील भागांपासून मुलासाठी छोटी चारचाकी केली. सुमारे ६० हजार रुपये खर्च आला आणि ती मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होते. आनंद महिंद्र यांनी ती पाहून तिच्या बदल्यात त्याला बोलेरो गाडी देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही. त्यांनी एक गोष्ट उघड सांगितली होती. ही गाडी नियमात बसत नसल्याने अधिकारी ती आज ना उद्या रस्त्यावर अडवतील.

ते खरे आहे आणि विद्यार्थ्यांनी ते नीट लक्षात घ्यावे. आपल्या देशात घरी बांधलेल्या एका गाडीची परीक्षा घेऊन तिला क्रमांक देण्याची तशी सोपी वाट नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कंपनीने ठरविलेल्या गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला. तेव्हा वडिलांच्या गाडीवर प्रयोग करू नका. पण रस्ता हीच एक जागा नाही. २००७ पासून इंदूरजवळ पिथमपूर येथे 'बाहा' ही स्पर्धा होते. अभियांत्रिकीची मुले एका माणसाची गाडी स्वतः बांधून खडकाळ वाटेवर पळवितात. कोइंबतूरच्या धावपट्टीवर 'फॉर्म्युला भारत' होते. तिथे नुसता वेग बघत नाहीत. ही नळी एवढीच जाड का, हा बोल्ट इथेच का, असे परीक्षक विचारतात, आणि खर्चाचा हिशेबही मांडावा लागतो. आपल्या भागातली मुले अशा संघांत गेली तर तिथे मामूंच्या शागिर्दाला मानाने बोलावून त्याचा सल्ला घेता येईल.

माझी काही मते मी ठामपणे सांगून टाकतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये; खाली लोखंडी स्टँड हवेच. जस्ताचा मुलामा असलेल्या नळीवर वेल्डिंग करू नये. त्या धुराने माणूस आजारी पडतो. आणि हौशी प्रोग्रॅम काट्यांना लावावा, समजून उमजून इंजिनाला लावावा. पण ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या वाटेला त्याने जाऊ नये. माझ्या गाडीत पायातल्या पेडलापासून ब्रेकपर्यंत मध्ये एकही संगणक नाही. प्रोग्रॅम अडला तर गाडी बंद पडेल. ती थांबायची राहणार नाही.

सुरुवात कशी करावी, असे दहावीतल्या काही मुलांनी मला सकाळी विचारले. मोटारीने करू नका, सायकलीने करा. चाकाच्या आरीला एक लहान लोहचुंबक बांधा. फ्रेमवर चुंबकाने मिटणारा एक रीड स्विच लावा. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळेल. एक आर्डुइनो पट्टी आणा, दोघा-चौघांत मिळून एक पुरते. वहीत मापे लिहा. चाकाला खडूची खूण करा, एकाने वर बसा, दहा फेऱ्यांचे अंतर मोजा. समजा एका फेरीला दोन मीटर आले. ताशी १५ किलोमीटर वेगाला सेकंदाला दोनाहून थोडे जास्त ठोके पडतील. कागदावर हे आधी काढून ठेवा. मग प्रोग्रॅम लिहा आणि सायकल चालवा. बहुतेक वेळा पहिल्या दिवशी काटा ताशी ३० किंवा ४५ दाखवितो. मित्र टाळ्या वाजवितील. तुम्ही वाजवू नका. स्विचचे पाते मिटताना किंचित थरथरते आणि प्रोग्रॅम एका ठोक्याचे दोन-तीन मोजतो. एक ठोका मिळाला की पुढचे काही हजारांश सेकंद कान बंद ठेवायला त्याला सांगायचे असते. किती हजारांश, हे मी सांगत नाही. सायकल जास्तीत जास्त किती जोरात जाऊ शकते त्यावरून ते तुम्हीच काढायचे आहे.